शिरोलीतली टॅली घरच्या डेस्कटॉपवर: व्हीपीएन असं बसवा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ऑफिस आणि घर शहरात राजारामपुरीत, अशा अकाउंटवाल्यांना जीएसटीची तारीख जवळ आली की घरूनच काम उरकावंसं वाटतं. त्यासाठी काही ठिकाणी राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडून रिमोट डेस्कटॉप (लांबून दुसरा कंप्युटर चालवायची विंडोजची सोय) थेट इंटरनेटवर सोडलेला असतो. असे उघडे पोर्ट हुडकणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. त्यांना पासवर्ड सापडला की सगळा डेटा कुलूपबंद, वर खंडणीची मागणी. तेव्हा आधी ते पोर्ट बंद करा, मग पुढचं वाचा.

जाहिरातीत दिसणारं, देश बदलून देणारं व्हीपीएन या कामाचं नाही. आपल्याला हवा घर ते कारखाना असा खासगी रस्ता. त्यासाठी मी वायरगार्ड हा व्हीपीएनचा प्रोग्राम सुचवेन. ते फुकट आहे, हलकं आहे, आणि २०२० पासून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये पीपीटीपी नावाचा जुन्या व्हीपीएनचा पर्याय दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. ते तंत्र कधीच मोडीत निघालंय.

कारखान्याच्या बाजूची जोडणी तुमच्या नेटवर्कवाल्याकडून करून घ्या. कनेक्शनला स्टॅटिक पब्लिक आयपी, म्हणजे न बदलणारा आणि बाहेरून गाठता येणारा इंटरनेटचा पत्ता, आहे का, हे त्याला पहिल्यांदा विचारा. बरेच इंटरनेटवाले एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, आणि तसं असेल तर बाहेरून आत येता येत नाही. जोडणी झाली की तो तुम्हाला 'डॉट कॉन्फ' ही सेटिंगची फाइल देईल. त्या फाइलमध्ये तुमची खासगी किल्ली असते, म्हणून ती पेनड्राइव्हवरच घ्या, ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. प्रत्येक कंप्युटरला वेगळी फाइल हवी. एकच फाइल दोघांनी एकाच वेळी वापरली तर दोघांचंही कनेक्शन तुटत राहतं.

आता घरचा डेस्कटॉप. वायरगार्ड डॉट कॉम या मूळ साइटवरूनच विंडोजचा इन्स्टॉलर उतरवा आणि ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून चालवा. खिडकी उघडली की 'इम्पोर्ट टनेल्स फ्रॉम फाइल' दाबून ती फाइल निवडा आणि मग 'ॲक्टिव्हेट' करा. बसवणं एवढंच.

हिरवी खूण दिसली म्हणून जोडलं गेलं असं मात्र समजू नका. खाली 'लेटेस्ट हँडशेक' ही ओळ आली आहे का बघा; हँडशेक म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांना ओळखणं. शेजारच्या 'ट्रान्सफर'मध्ये 'सेंट' वाढतंय आणि 'रिसीव्ह्ड' शून्यावरच असेल, तर तुमची हाक पलीकडे पोचत नाहीये किंवा उत्तर परत येत नाहीये. किल्ली, पत्ता किंवा यूडीपी पोर्ट चुकलंय. वायरगार्डचं नेहमीचं पोर्ट ५१८२०.

हँडशेक होतो, पण ऑफिसचं मशीन सापडत नाही? मग बहुधा पत्त्यांची टक्कर आहे. घरचा राउटर १९२.१६८.१ या मालिकेतला, कारखान्याचाही तोच. १९२.१६८.१.१० घरातलं की शिरोलीतलं, कंप्युटरला काय कळणार? घरच्या राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.५०.१ करा आणि सगळं रीस्टार्ट करा. प्रिंटर किंवा सीसीटीव्हीला हाताने पत्ता दिला असेल, तर तोही बदलावा लागेल.

कुठल्या पत्त्यांची ये-जा व्हीपीएनमधून होणार ते ठरवणारी, फाइलमधली 'अलाउड आयपीज' ही ओळही बघून घ्या. तिथे ०.०.०.०/०, म्हणजे सगळे पत्ते, असेल, तर पोरांचं यूट्यूबसुद्धा कारखान्याच्या लाइनवरून फिरून येईल. व्हीपीएनची आणि कारखान्याची पत्त्यांची मालिका, एवढंच तिथे ठेवायला सांगा.

टॅलीचं डेटा फोल्डर व्हीपीएनवरून शेअर करून उघडू नका, जाम रडत चालतं. त्यापेक्षा ऑफिसच्याच मशीनवर रिमोट डेस्कटॉपने जा आणि तिथली टॅली तिथेच चालवा. त्या मशीनला विंडोज प्रो लागतं. होम आवृत्तीत बाहेरून असं शिरता येत नाही. मशीन स्लीपमध्ये जाणार नाही अशी सेटिंगही करून ठेवा, नाहीतर रात्री वॉचमनला फोन करून बटण दाबायला सांगावं लागेल.

डेस्कटॉप जुना असेल तर घड्याळही तपासा. मदरबोर्डवरचा सेल उतरला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते, आणि तारीख मागे गेलेल्या मशीनचा हँडशेक वायरगार्ड स्वीकारत नाही. सीआर२०३२ सेल कुठल्याही कंप्युटरच्या दुकानात मिळतो.