डोक्याला मार लागलेला पेशंट चालत आला तर

तालुक्याच्या दवाखान्यात रात्रपाळीला एकट्यानं कॅज्युअल्टी सांभाळणाऱ्या नवीन सिस्टर, ब्रदर आणि इंटर्न पोरांसाठी हे लिहितेय. बेशुद्ध पेशंट आला की सगळेच धावतात, त्याचं काही सांगायला नको. मला सांगायचंय ते चालत आलेल्याचं. डोक्याला टॉवेल गुंडाळलाय, शर्ट रक्तानं माखलाय आणि बरोबरचा दोस्त म्हणतोय, "काय झालं नाय बे त्याला, दोन टाके मारा, जातो."

जीसीएस म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे त्याचा १५ पैकी आकडा. तो १३ ते १५ म्हणजे पुस्तकातला 'माइल्ड' मार. यातले बहुतेक बरे होऊन घरी जातात. थोड्यांच्या कवटीत मात्र रक्त साठत असतं, आणि पहिल्या तासाला दोघंही सारखेच दिसतात, सारखेच बोलतात. म्हणून पहिला आकडा नीट घ्यायचा आणि पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून बघायचा. बाकी सगळं याच्या आजूबाजूला.

आल्या आल्या श्वास, ऑक्सिजन, नाडी, बीपी बघा. मान दुखतेय का, हातापायाला मुंग्या आहेत का विचारा. शंका असेल किंवा पेशंट नीट सांगू शकत नसेल तर मान स्थिर ठेवा, कॉलर लावा. शुगर तपासाच. गुंगीत वाटणाऱ्या माणसाची शुगर ४० निघाली तर सगळा विचारच बदलतो. आणि बीपी कमी असेल तर डोक्याच्या नावावर ढकलू नका. मोठ्या माणसाचं बीपी कवटीतल्या रक्तस्रावानं सहसा पडत नाही. पोट, छाती, कंबर, मांडी बघा. टाळूची जखम मात्र भरपूर वाहते, तिथं गॉज धरून दाबत राहायचं. हाड खचल्यासारखं लागलं तर तिथं जोर द्यायचा नाही आणि आत बोट घालून शोधाशोधही करायची नाही.

केसपेपरवर "पडला" एवढंच लिहिणारे खूप. कुठून पडला ते लिहा. आपल्याकडं कारखाने सुरू झाले की रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल जाते. एप्रिल-मेमध्ये उकाड्यानं गच्चीवर झोपलेला माणूस झोपेतच कठड्यावरून खाली येतो. तीन फुटांपेक्षा जास्त उंची किंवा पाच पायऱ्या, गाडीनं उडवलेला पादचारी, गाडीतून बाहेर फेकला गेलेला, हे सगळं धोक्यात धरायचं. ज्यानं प्रत्यक्ष बघितलं त्याला धरून ठेवा, तो फॉर्म भरायच्या आत गायब होतो. किती वाजता लागलं, शुद्ध गेली होती का, उलटी किती वेळा, झटका आला का, अपघाताच्या आधीचं काय काय आठवतंय? आणि म्हाताऱ्या माणसाला हमखास विचारा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. गोळीचं नाव सांगता येत नसेल तर घरून गोळ्यांचं पाकीट मागवा.

आता जीसीएस. १९७४ साली ग्लासगोच्या टीजडेल आणि जेनेट यांनी हे मोजमाप दिलं ते दोन वेगवेगळ्या माणसांनी तपासलं तरी आकडा सारखा यावा म्हणून. जास्तीत जास्त गुण: डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६. नुसतं "जीसीएस १४" लिहू नका, तिन्ही वेगळे लिहा, शेजारी वेळ टाका.

घोटाळा बोलण्याच्या आकड्यात होतो. सोलापुरात हे फार बघायला मिळतं. पूर्व भागातले एक विणकर आजोबा आले होते, यंत्रमागाच्या कारखान्यात पाय घसरून पडलेले. "आज वार कुठला? आत्ता कुठं आहात?" यावर आजोबा गोंधळून नुसते बघत होते, अर्धवट काहीतरी पुटपुटत होते. इंटर्ननं ४ लिहिले, म्हणजे गोंधळलेलं बोलणं. वॉर्डातल्या मावशींनी तेच तेलुगूत विचारलं, तर आजोबांनी वार, महिना, दवाखाना सांगितला आणि वर मालकाला शिव्याही घातल्या. बोलणं ५. उलटंही होतं, 'भाषा कळत नसेल' म्हणून खरा गोंधळ सुटून जातो. तेलुगू, कन्नड, उर्दू जी घरची भाषा असेल तिच्यात विचारायचं, आणि पुढच्या वेळीही त्याच भाषेत. नातेवाइकाला दुभाषा केलं तर बजावून सांगा, उत्तर सुचवायचं नाही. माया आड येते, पेशंटच्या आधी तेच उत्तर देतात.

बाहुल्या टॉर्चनं बघा, दोन्ही सारख्या आहेत का, उजेडानं लहान होतात का. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्याची बाहुली वेडीवाकडी असू शकते, ते आधी विचारून लिहून ठेवा. डोळ्यांभोवती काळंनिळं, कानामागं निळा डाग, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, ही कवटीच्या तळाचं हाड मोडल्याची लक्षणं. तिथं बोळा कोंबायचा नाही आणि नाकातून नळी घालायची नाही.

दारूचा वास आला की "प्यायलाय, झोपू दे" म्हणायची घाई करू नका. गुंगीचं कारण डोक्यातच आहे असं धरून चालायचं, तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत.

सीटी स्कॅन कुणाचा लवकर? आल्यावर जीसीएस १२ किंवा खाली, दोन तासांनीही १५ झालेला नाही, एकापेक्षा जास्त उलट्या, झटका, हाड मोडल्याची शंका, एका बाजूची कमजोरी, यांचा तासाभरात. वय ६५ च्या पुढं, रक्त पातळ करायची गोळी, जोराचा मार, किंवा अपघाताआधीच्या अर्ध्या तासाहून जास्त काळाचं न आठवणं, यांनाही डॉक्टरांना सांगून सीटीच्या रांगेत धरा. कवटीचा एक्स-रे साधा आला म्हणजे मेंदू सुटला असं नव्हे.

काय द्यायचं यापेक्षा काय द्यायचं नाही हे जास्त सांगावं लागतं. नातेवाईक "काहीतरी लावा" म्हणतात आणि आपला हात मॅनिटॉल (मेंदूची सूज उतरवायचं सलाईन), डेक्सा (स्टेरॉइड) यांच्याकडं जातो. 'क्रॅश' नावाच्या मोठ्या अभ्यासात, २००४ साली, स्टेरॉइडनं मृत्यू वाढलेले दिसले. डोक्याच्या मारावर ते नाहीच. मॅनिटॉल चालत्याबोलत्या पेशंटला सवयीनं लावायचं नाही. दुखतंय तर पॅरासिटामॉल. ब्रुफेन, डायक्लो, अॅस्पिरिन नको. सलाईन लागलंच तर एनएस (नॉर्मल सलाईन), पाच टक्के डेक्स्ट्रोज नाही. जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन. पेशंट तडफडतोय म्हणून झोपेचं इंजेक्शन देऊ नका. ऑक्सिजन कमी नाही ना, लघवी तुंबली नाही ना, पट्टी आवळली नाही ना, हे बघा. काहीच सापडलं नाही तर ते तडफडणंच धोक्याचं लक्षण, डॉक्टरांना उठवा.

ऑब्झर्व्हेशन चार्ट असा: जीसीएस १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाला. १५ झाल्यावर दोन तास अर्ध्या तासानं, पुढं चार तास तासातासानं, मग दर दोन तासांनी. झोपला असेल तर उठवा. नातेवाईक कुरकुर करतात, करू दे. एक गुणसुद्धा अर्धा तास खाली राहिला, डोकेदुखी वाढत चालली, पुन्हा उलट्या लागल्या, की फोन. रात्रीचे तीन वाजलेत म्हणून चारपर्यंत थांबायचं नाही.

सोलापूरला सिव्हिलला किंवा न्यूरोसर्जनकडं पाठवायचं ठरलं तर १०८ बोलवा, आणि चिठ्ठीत पहिला व शेवटचा जीसीएस, बाहुल्या, दिलेली औषधं वेळेसकट लिहा. पुढच्या डॉक्टरला आपला पहिला आकडा हवा असतो, तो आपल्याशिवाय कुणाकडं नसतो. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद करा, पण त्या कागदासाठी गाडी अडवू नका.

घरी सोडताना जीसीएस १५ हवा, आणि पहिले २४ तास सोबत शहाणं मोठं माणूस हवं. एमआयडीसीत खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या पोराला रात्री सोडू नका. झोपू द्यायचं का, हा प्रश्न येतोच: द्या, फक्त सोबतच्यानं अधूनमधून हाक मारून बघायची. दारू, झोपेची गोळी, गाडी चालवणं बंद. उठवता न येणं, वाढती डोकेदुखी, उलट्या, झटका, बोलण्यात अडखळणं, हातपाय लुळा पडणं, नाका-कानातून पाणी येणं, यातलं एकही झालं तर लगेच परत. म्हाताऱ्या माणसाच्या घरच्यांना हेही सांगा की दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा चाल बिघडली, विसराळूपणा वाढला तर दाखवायला आणा. हे तोंडी सांगून त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या, आणि कागदावर कॅज्युअल्टीचा फोन नंबर ठळक लिहून द्या.