जुन्या सोलापुरी चादरीच्या विणीचं स्टूल

विरलेली चादर पोछ्याला जाते, तेव्हा जीव हळहळतो. तिचं सूत अजून बरीच वर्षं वजन पेलू शकतं.

स्टुलाची सागवानी चौकट 40 × 40 सेंमी, उंची 45. पाय आणि आडव्या पट्ट्या 3.5 सेंमी जाड. लाकूड पूर्ण वाळलेलंच घ्या. ओलसर असलं तर सोलापूरचा मे महिना त्याला आक्रसवतो आणि सांधे ढिले पडतात. पट्ट्यांच्या कडा 120 नंबरच्या पॉलिश पेपरने गोल करा. धारदार कडेवर कापड सहा महिन्यांत कापलं जातं.

चादर आधी धुवा, म्हणजे आटायची ती आटेल. मग लांबीच्या दिशेने 7.5 सेंमी रुंद पट्टे कापा. आडवे कापलेले जास्त ताणतात आणि बैठकीला झोळ येतो. तीन पदरी घडी घालून इस्त्री करा, 2.5 सेंमीची नवार तयार. सव्वादोन मीटरचे 12 पट्टे पुरतात. जोड हाताने शिवा आणि तो खालच्या बाजूलाच येऊ द्या.

समोरासमोरच्या दोन आडव्या लाकडी पट्ट्यांभोवती नवारीचे एका दिशेने 13 वेढे घ्या. इथेच बहुतेकांचं चुकतं: वेढे तबल्यासारखे ताठ ओढतात आणि दहाव्या ओळीला पट्टा आत जातच नाही. वेढ्याखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. आडवी वीण उरलेला ढिलेपणा आपोआप खेचून घेते. आडवा पट्टा एक वर, एक खाली असा वरून आणि खालूनही विणा. शेवटच्या ओळींना लाकडी फूटपट्टीने वेढे उचला. टोक आत खोचून चार टाके घाला.