पडवीबाहेरची सशांची जोडी
कोकणात सशाची पिल्लं बाहेर ठेवायची तर पहिली काळजी ओलीची. खुराडं जांभ्याच्या चिऱ्यांवर उंच ठेवा, वर झापांची सावली. पारा ३० अंशांपुढे गेला की ससे धापा टाकू लागतात. तेव्हा पाणी गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवा. जाळी अर्ध्या इंचाची, जाड तारेची. कोंबड्यांची पातळ जाळी खाऱ्या हवेत गंजते, आणि मुंगसाला तेवढंच हवं असतं! पावसाळ्यात शेपटीखाली रोज बघा: घाणेरड्या केसांत माश्या अंडी घालतात, दिवसभरात अळ्या होतात. दिसल्या तर थेट पशुवैद्याकडे. खाणं मुख्यतः सुकं गवत, गाजर चवीपुरतं. आणि ‘दोन्ही माद्याच’ या विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. तिसऱ्या महिन्यातच तपासून घ्या. गाभण राहिली की महिन्याभरात पिल्लं.