बजरीगर रात्री अचानक फडफडून जाळीवर आदळत असेल तर : माझा अनुभव

नव्याने आणलेला आमचा बजरीगर (छोटा पाळीव पोपट) दिवसा शांत असे. मात्र रात्री वीज गेली की तो एकाएकी फडफडून जाळीवर आदळे आणि सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी तुटलेली पिसे सापडत. पिंजरा जाड चादरीने पूर्ण झाकला, आरसा व झोपाळा काढला. दोन्ही उपाय व्यर्थ गेले. घरात कोणालाच नीट झोप मिळत नव्हती.

या पक्ष्याला अंधारात फारसे दिसत नाही, त्यामुळे उंदराची खुडबुड किंवा रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाडीचा क्षणभर पडणारा उजेडही त्याला घाबरवतो, आणि घाबरल्यावर बसण्याची दांडी त्याला पुन्हा सापडत नाही.

प्रथम पिंजरा रस्त्याकडच्या खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लागून, कूलरच्या झोताबाहेर ठेवला. नंतर तीन बाजूंना पातळ सुती कापड लावून समोरची बाजू उघडी ठेवली. शेवटी, अंधार पडण्यापूर्वीच, वीज गेली तरी विझणार नाही असा चार्जिंगचा मंद दिवा जवळ लावला. खरा फरक या दिव्यानेच पडला, असे माझे ठाम मत आहे.

तरीही फडफड झाल्यास पिंजऱ्यात हात घालू नये. उजेड थोडा वाढवून हळू आवाजात बोलत राहावे आणि पक्षी दांडीवर स्थिरावल्यावर पंख तपासावेत. वाढत्या पिसातून रक्त येत असेल, तर स्वच्छ कापडाने हलका दाब देऊन पशुवैद्यकाकडे न्यावे.