पडून राहिलेली पेटी, पखवाज, कीबोर्ड: कधी विकायचं आणि कसं

कोकणात वाद्याला गिऱ्हाईक मिळतं आषाढ-श्रावणात, आणि नेमकं तेव्हाच वाद्य सगळ्यात वाईट वाजतं. गणपती तोंडावर आलेले असतात, भजनी मंडळं पेटी-पखवाज शोधत असतात. पण पखवाजाचं पान (तोंडावरचं कातडं) सैल पडलेलं, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकलेल्या, साउंड मिक्सरचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) खरखरतोय. अशा वेळी माळ्यावरून काढून तसंच दाखवलेलं वाद्य मातीमोल भावात जातं. म्हणून विकायचा निर्णय शिमग्याच्या आसपास घ्यावा, तपासणी आणि रेकॉर्डिंग एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उरकावं आणि सौदा श्रावण संपायच्या आत करावा. मे महिन्यात चाकरमानी गावी असतात, वाडीच्या बैठका होतात, वर्गणीचा विषय निघतो. तेव्हाच वाद्य गेलं तर फारच छान. अनंत चतुर्दशी उलटली की मात्र घाई करू नये, कारण ज्याला घ्यायचं होतं त्याने घेतलेलं असतं. पायपेटीचं गणित जरा वेगळं. दशावतारी मंडळं कार्तिकात बाहेर पडतात, म्हणून पायपेटी दसऱ्याच्या सुमारासही विकली जाते. स्पीकर-मिक्सरला पुढे जत्रा आणि शाळांची स्नेहसंमेलनं असतात.

विकावं की ठेवावं, याला एक साधी कसोटी पुरते: गेल्या गणपतीपासून या गणपतीपर्यंत वाद्याला कोणाचा हात लागला का? नसेल तर विका. ‘मुलगा सुट्टीत आला की वाजवील’ हे कारण घरोघरी असतं आणि मुलगा येतो तेव्हा मोबाइल घेऊन बसतो. कोरड्या मुलखात वाद्य पाच वर्षं पडून राहिलं तरी फारसं बिघडत नाही. इथे पावसाळ्यात हवेतला ओलावा ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जातो. बंद पेटीतल्या पितळी सुरांवर (आवाज काढणाऱ्या पात्यांवर) हिरवट थर धरतो, भात्याच्या घडीत बुरशी येते, कसर लागते. पखवाजाच्या धुम्यावर (खर्जाच्या तोंडावर) कणीक तशीच राहिली असेल तर मुंग्या आणि उंदीर पान कुरतडतात. म्हणजे ठेवण्याचाही खर्च असतो, तो फक्त दिसत नाही. अपवाद एकच: जुनी पेटी, जिच्यात जर्मन किंवा पॅरिसचे सूर आहेत. ती विकण्याआधी पेटी दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला उघडून दाखवा. तिचा भाव लाकडावर आणि पॉलिशवर ठरत नाही.

आता पेटीची तपासणी. सगळे खुंटे (हवा सोडणाऱ्या ओढायच्या खुंट्या) बंद करून भाता भरा आणि हात सोडा. भाता भसकन बसला तर हवा कुठेतरी गळतेय. बहुधा घडीच्या कोपऱ्याला किंवा आतल्या झडपेच्या चामड्याला. मग खुंटे उघडा, एकही पट्टी न दाबता भाता हलवा. एखादा सूर आपोआप बोलू लागला तर त्या पट्टीखालची गादी नीट बसत नाहीये, किंवा स्प्रिंग गेली आहे. आता खर्ज (खालचे) आणि नर (वरचे) सूर वेगवेगळे उघडून प्रत्येक पट्टी वाजवा आणि मोबाइलवरच्या ट्यूनरवर बघा. दोन-चार सूर हलले असतील तर ट्यूनिंग करून घेणं परवडतं. भाता फाटला असेल तर हिशेब करा: दुरुस्तीला लागणारे पैसे विक्रीत सहसा पूर्ण वसूल होत नाहीत. दोष सांगून, तेवढी रक्कम कमी करून दिलेलं बरं. अडकणाऱ्या पट्ट्या स्वतः तासत बसू नका. कोरड्या हवेत त्या आपोआप सुटतात आणि तासलेल्या मग कायमच्या खुळखुळतात. वाळवायला उन्हात ठेवलं तर लाकूड तडकतं. बंद कपाटात जुन्या पद्धतीचा साठ वॅटचा बल्ब दोन-तीन दिवस पेटता ठेवावा, वाद्यापासून हातभर लांब. एलईडीने काही होत नाही, त्याला ऊबच नसते.

पखवाज आणि तबल्यात किंमत खोडाची, म्हणजे लाकडी अंगाची असते. नवं पान घालून विकायचा मोह टाळा: घेणारा आपल्या ओळखीच्या कारागिराकडून पान बदलतोच. खोडाला चीर आहे का ते वाद्या (पान ताणणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या) सैल करून बघा, बोटाने ठोकून बद्द आवाज येतो का ऐका. जाहिरातीत लाकूड (खैर, शिसव, बाभूळ) लिहा, तोंडाचं माप इंचात लिहा आणि कोणत्या पट्टीला (सुराला) लागतो तेही लिहा. ‘तबला विकणे आहे’ यातून कोणालाच काही कळत नाही. ‘साडेपाच इंची, काळी एकला लागतो, शाई शाबूत’ एवढ्यावर फोन येतो.

जुन्या घुमटाचं, म्हणजे कातडं चढवलेल्या मातीच्या वाद्याचं, मात्र जपून. पूर्वी त्याच्या तोंडाला घोरपडीचं कातडं चढवत. घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या अनुसूची एकमध्ये आहे, त्यामुळे तसं घुमट विकणं हा गुन्हा आहे, मग ते आजोबांच्या काळातलं का असेना. त्याचा फोटोही विक्रीला टाकू नका, वनविभागाच्या कार्यालयात विचारा. बकऱ्याच्या कातड्याचं घुमट खुशाल विका. खऱ्या हस्तिदंताच्या पट्ट्या असलेल्या पेटीलाही हाच कायदा आड येतो.

कीबोर्डच्या सगळ्या पट्ट्या आधी हळू, मग जोरात वाजवा. एखादी मुकी असेल किंवा एकदम जोरात बोलत असेल तर तिच्याखालच्या रबरी पट्टीतला कार्बनचा ठिपका मळलेला असतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसला की बहुतेक वेळा काम होतं. सेल आत राहून पाझरले असतील तर सेलच्या जागेतल्या धातूच्या टोकांवरचा पांढरा थर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. अॅडॉप्टर मूळचाच द्या. व्होल्टेज सारखं असलं तरी काही जुन्या कॅसिओंचा ध्रुव उलटा असतो, आणि चुकीचा अॅडॉप्टर लावला तर गिऱ्हाइकाच्या दारात कीबोर्ड जळतो. मिक्सरच्या खरखरीला कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरा, गंज काढायचं तेल नको. तेल धूळ धरून ठेवतं. स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) दोन्ही हातांनी अलगद, समान दाबा: घासल्याचा आवाज आला तर कॉइल गेलेली आहे. आठ ओमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण सहा दाखवतो, तो दोष नव्हे. शुअर एसएम58 माइकच्या नकला इतक्या आहेत की बिल नसेल तर कोणी पूर्ण भाव देत नाही. खऱ्याचं वजन 298 ग्रॅम भरतं, तराजूवर ठेवून फोटो काढा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा-तबला मात्र मिळेल त्या भावात काढा, मोबाइलच्या अॅपने त्याचा बाजार खाल्ला आहे.

किंमत ठरवताना आपण काय दिलं ते विसरा. तेच मॉडेल आज नवं केवढ्याला मिळतं ते बघा. चालू मॉडेलचा, नीट ठेवलेला कीबोर्ड निम्म्याच्या आसपास मागावा. मॉडेल बंद झालं असेल तर त्याहून बराच खाली या. चांगली पेटी इतकी घसरत नाही. दुकानदार आणखी कमी देणार, त्याला दुरुस्ती आणि नफा दोन्ही काढायचे असतात. सगळ्यात चांगला दलाल म्हणजे पंचक्रोशीतले भजनी बुवा. त्यांच्या कानावर घाला, मे महिन्यात केलेलं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवा, आणि सौदा जमला तर त्यांना काय द्यायचं ते आधीच बोला. नंतर बोललं की मनं दुखावतात.

वाद्य मंडळाचं असेल तर बैठकीत ठराव, वहीत नोंद, अध्यक्ष-खजिनदाराच्या सह्या. वर्गणीतून घेतलेल्या पेटीवर गावातल्या प्रत्येकाचा हक्क असतो, निदान भांडताना तरी. सरकारी निधीतून मिळालेली वस्तू असेल तर मंजुरीचं पत्र वाचल्याशिवाय हात लावू नका.

ऑनलाइन जाहिरात टाकलीत की पहिला फोन बहुधा ठगाचा. वाद्य न बघता पूर्ण किंमत कबूल, ‘बदलीवर आहे, माणूस पाठवतो’ आणि मग क्यूआर कोड. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा; पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

मुंबईला पाठवायचं झालं तर भात्याची कडी लावून वर दोरी बांधा, पट्ट्यांवर जाड कापड घाला, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि प्लॅस्टिकचे दोन थर गुंडाळा. ओलसर वाद्य कधीच प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका, पोचेपर्यंत बुरशी धरेल. खासगी बसच्या डिकीत इंजिनाकडची बाजू टाळा, उष्णतेने सरस सुटतो. पावतीवर सिरियल नंबर, सांगितलेले दोष आणि ‘वाजवून पाहून घेतलं’ एवढं लिहून दोघांनी सही करा, आणि चढवण्याआधी चारी बाजूंचे फोटो काढून ठेवा.