घोडाझरीला निघताय? आधी ओळखपत्र

जंगल सफारीला जाताना मूळ ओळखपत्र घ्या. बुकिंगला ज्याचा नंबर टाकला तेच, आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाचं, म्हाताऱ्या आत्याबाईंचंसुद्धा. आधारवर बुकिंग करून गेटवर लायसन्स काढलं की घोळ सुरू, आणि जनावर दिसायचा पहिला तास तिथेच संपतो. फोनमधल्या फोटोच्या भरवशावर राहू नका. ऐनवेळी रेंज नसते.

नागभीडजवळचं घोडाझरी २०१८ साली अभयारण्य झालं. पूर्वी लोक तलावावर डबे घेऊन सहलीला यायचे, ती सवय अजून सुटलेली नाही. चूल, स्पीकर, मधेच उतरणं, सगळं विसरा. बंदचा वार आधी विचारा. ताडोबा मंगळवारी बंद असतं म्हणून इथेही तेच असेल असं धरू नका.

नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे नागभीड शंभरेक किलोमीटर. सकाळची फेरी असेल तर आदल्या रात्री नागभीडलाच मुक्काम बरा. पेट्रोल, सुट्टे पैसे वाटेतच घ्या. ओळखपत्र घेतलं ना?

डिसेंबर-जानेवारीत कानटोपी आणि ब्लँकेट. ‘विदर्भात कसली थंडी’ म्हणणारे उघड्या जिप्सीत पहिल्या वळणालाच कुडकुडतात. मे महिन्यात ब्रह्मपुरीकडचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. माणशी तीन लिटर पाणी, सोबत मीठ-साखर, कारण घामावाटे मीठही जातं आणि नुसत्या पाण्याने डोकं धरायचं थांबत नाही. डोक्याला ओला दुपट्टा. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पाण्याची बाटली मात्र त्यासाठी कमी करू नका.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला माणसं जातात, अस्वलंही त्याच फुलांसाठी येतात. अस्वलाला नीट दिसत नाही. जवळ गेलात की दचकून अंगावरच येतं. गेटच्या बाहेरसुद्धा झुडपाआड लघवीला जाऊ नका.

पावसाळ्यात आणि नंतर गवतात बसू नका. चिगर नावाचे बारीक किडे चावतात, त्यातून स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. पँट मोज्यात खोचा, परतल्यावर आंघोळ. आठ-दहा दिवसांनी ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर ‘जंगलात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आधी सांगा. पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका.

दुर्बीण, मातकट कपडे, कचऱ्याची पिशवी. परतताना अंधारात गाडी हळू, रानडुकरं आडवी येतात.

आणि ओळखपत्र बॅगेत नको, शर्टाच्या खिशात. बॅग डिकीत राहते.