पी.एम. किसानचा हप्ता ‘जमा’, पण पासबुक कोरडं: माझा अनुभव

आईच्या नावावर देवगडजवळ थोडी हापूसची कलमं. साइटवर २,००० रुपयांचा हप्ता ‘जमा’ दिसायचा, पासबुकात काही नाही. ई-केवायसी पुन्हा केली, बँकेत आधारची झेरॉक्स ३ वेळा दिली. नुसत्या एसटीच्या फेऱ्या.

गोम अशी: खात्याला आधार ‘लिंक’ असणं वेगळं, एनपीसीआय (बँकांमधले व्यवहार चालवणारी संस्था) हिच्या मॅपरमध्ये, म्हणजे कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत पाठवायचे त्या यादीत, असणं वेगळं. पैसे मॅपरमधल्या, म्हणजे शेवटी सीडिंग (त्या यादीत नोंद) झालेल्या बँकेत जातात.

आधी मायआधार या आधारच्या साइटवर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं. तिथे दुसऱ्याच बँकेचं नाव! (तिथलं खातं कधीतरी उघडलेलं, आई विसरलेली.) मग हव्या त्या बँकेत डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात) सीडिंगचा संमती अर्ज भरला, त्यात जुन्या बँकेचं नाव लिहिलं, पोच घेतली. ४ दिवसांनी स्टेटस बदललं. अडकलेले हप्ते जुन्या खात्यात पडून होते.